आयपॅड आला, ब्रशही डाउनलोड झाले. मग डिजिटल पेंटिंगमध्ये हात का बसत नाही?

शिवजयंतीच्या आठवड्यात इन्स्टाग्राम उघडा. दहा-बारा रील मागे सारले की एक तरी टाइमलॅप्स दिसतोच. काळ्या कॅनव्हासवर आधी चार रेघा, मग जिरेटोप, मग दाढी, मग मागून येणारा केशरी उजेड आणि तिसाव्या सेकंदाला महाराज समोर उभे. गणपतीत तेच, फक्त सोंड आणि मोदक. खाली कमेंटमध्ये दोन प्रश्न ठरलेले असतात. "भावा, ॲप कोणतं?" आणि "ब्रश कुठला वापरला?"

उत्तरं मिळतात. कोणी मोबाइलवर आयबिस पेंट टाकतो, कोणी तीन-चार हजारांचा पेन टॅबलेट मागवतो, कोणी घरच्यांना पटवून हप्त्यावर आयपॅड घेतो. पहिल्या आठवड्यात तीन चित्रं होतात, दुसऱ्यात एक. तिसऱ्या आठवड्यात नवीन ब्रशचा पॅक डाउनलोड होतो, कारण चूक ब्रशची असणार असं वाटतं. महिन्याभरात पेन्सिलचं चार्जिंग उतरलेलं असतं, आयपॅडवर वेब सिरीज सुरू असते आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो.

यातला पैशांचा भाग एक वेळ सोडून देता येईल. खरा तोटा वेगळाच होतो. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट चांगल्या ग्रेडने पास झालेली, वहीच्या मागच्या पानांवर सतत काहीतरी काढणारी मुलं 'आपल्यात टॅलेंटच नाही' असं ठरवून मोकळी होतात. हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. मग सराव करूनही सुधारणा का दिसत नाही?

काचेवर हात घसरतो, तो का?

कागदाला पोत असतो, पेन्सिल थोडी अडते आणि त्या अडण्यावरच हाताचा वेग ठरतो. टॅबलेटची काच गुळगुळीत असते, त्यामुळे कागदावर सरळ येणारी रेघ इथे थरथरते. बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट असेल तर गोंधळ आणखी वाढतो. हात टेबलावर चालतो आणि नजर समोरच्या मॉनिटरवर असते. वर्षानुवर्षं हात जिथे, तिथेच नजर ठेवायची सवय लागलेल्या मेंदूला हे नवीन असतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे चित्रं आधीपेक्षा वाईट येणार, हे गृहीत धरायला हवं. त्याचा कलेशी संबंध नाही, ते नवी सायकल शिकण्यासारखं आहे.

दुसरी अडचण म्हणजे झूम. नव्या माणसाचा पहिला अर्धा तास डोळ्यातल्या बाहुलीवर जातो. आठशे टक्के झूम करून पापण्यांचा एकेक केस काढला जातो. मग झूम आउट केल्यावर कळतं की डोळा सुंदर झालाय, पण तो कपाळावर बसलाय. कागद असा मोठा होत नाही, म्हणून कागदावर काढणारा सारखा मागे सरकून पूर्ण चित्र पाहतो. डिजिटलमध्ये तशी सवय मुद्दाम लावावी लागते. फोटोशॉप, क्रिता, प्रोक्रिएट अशा बहुतेक ॲपमध्ये तेच चित्र छोट्या खिडकीत पूर्ण दाखवायची सोय असते. ती कोपऱ्यात उघडून ठेवली तरी बरंच काम होतं. चित्र आडवं उलटवून पाहणं हाही असाच उपाय. अर्धा तास बघून डोळ्याला सरावलेला चेहरा उलटवला की वाकडं नाक लगेच दिसतं. ही युक्ती ॲपवाल्यांनी शोधलेली नाही, आपलं चित्र आरशात पाहा असा सल्ला लिओनार्दो दा विंचीने देऊन ठेवलाय.

तिसरी अडचण सगळ्यांची लाडकी: कंट्रोल झेड. आयपॅडवाल्यांसाठी दोन बोटांची टिचकी.

गंमत म्हणजे ही चैन तशी नवीच आहे. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ला आली, लेयर १९९४ मध्ये आल्या आणि एकामागून एक अनेक पायऱ्या मागे जायची सोय १९९८ मध्ये. त्याआधी मागे जायला एकच पायरी होती. आज एक रेघ वीस वेळा मारून वीस वेळा पुसता येते. वाटतं की वीस वेळा सराव झाला. पण बहुतेक वेळा रेघ का चुकली हे न पाहताच ती पुसली जाते. तोच हात, तोच वेग, तीच चूक आणि एकविसाव्या वेळी नशिबाने जमलेली रेघ. यातून हात शिकत नाही, फक्त पुसण्याचा वेग वाढतो.

इथे सावंतवाडीच्या मातीतून आलेले चित्रकार सा. ल. हळदणकर आठवतात. हातात समई घेतलेल्या, ज्योतीवर हात आडवा धरलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीचा उजेड बोटांमधून झिरपतो आणि चेहऱ्यावर पसरतो. अनेकांना ते तैलचित्र वाटतं, पण ते जलरंगात आहे. जलरंगात उजेड म्हणजे रंग न लावता राखलेला कागद. एकदा गडद लागला की तो पूर्ण मागे घेता येत नाही. म्हणजे कुठे किती उजेड ठेवायचा, हे कुंचला टेकवण्याआधी डोक्यात पक्कं असावं लागतं. याचा अर्थ अनडू वापरूच नये असा नाही. पण आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, एकच लेयर, एकच ब्रश आणि अनडू बंद, असं करून पाहिलं तर रेघ मारण्याआधी क्षणभर थांबायची सवय लागते.

डोळाच खोटं सांगतो

हात बसायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. डोळाही शिकवावा लागतो, हे फार कोणी सांगत नाही. डिजिटल पेंटिंग अडकतं ते बहुतेक वेळा इथेच.

एमआयटीतले एडवर्ड एडेल्सन यांनी १९९५ मध्ये तयार केलेलं एक चित्र अनेकांनी व्हॉट्सॲपवर पाहिलं असेल. बुद्धिबळाच्या पटावर एक गोल खांब आणि त्याची पडलेली सावली. सावलीबाहेरचा एक 'काळा' चौकोन आणि सावलीतला एक 'पांढरा' चौकोन हुबेहूब एकाच राखाडी रंगाचे आहेत, पण डोळा ते मानायला तयारच होत नाही. कारण मेंदू रंग मोजत नाही, तो अर्थ लावतो. 'हा सावलीत आहे, म्हणजे मुळात पांढराच असणार' असं परस्पर ठरवतो. रस्ता ओलांडताना ही सवय कामाची आहे, पण चित्र काढताना ती घात करते. म्हणूनच नवशिक्या चित्रांमध्ये पांढरा सदरा सावलीतही पांढराच राहतो, डोळ्याचा पांढरा भाग ट्यूबलाइटसारखा चमकतो आणि दात चेहऱ्यातून बाहेर येतात.

यावर डिजिटल माध्यमात एक उपाय आहे आणि तो कागदावर काढणाऱ्यांकडे कधीच नव्हता. तो म्हणजे कलर पिकर, रंग उचलणारं ड्रॉपर. बहुतेक जण ते उलट वापरतात. फोटो शेजारी ठेवायचा, गालावरचा रंग उचलायचा, चित्रात लावायचा. चित्र फोटोसारखं दिसतं, पण डोळा काहीच शिकत नाही. पुढच्या वेळी फोटो नसेल तर हात अडतो.

त्याऐवजी आधी अंदाज करा, मग तपासा. फोटोतल्या सावलीचा रंग डोळ्याने ओळखा, रंगचक्रातून स्वतः निवडा आणि लावा. मग ड्रॉपरने मूळ रंग उचलून शेजारी ठिपका द्या. फरक डोळ्यांसमोर येतो. सुरुवातीला जवळपास प्रत्येकाची चूक सारख्याच दिशेने होते. सावली जास्त काळी घेतलेली असते आणि रंग गरजेपेक्षा जास्त भडक. वीस-तीस ठिपके झाले की आपली चूक कोणत्या दिशेची आहे ते कळायला लागतं. असा जागच्या जागी मिळणारा निकाल हाच सरावातला सगळ्यात महागडा भाग असतो. क्लासमध्ये त्यासाठी शिक्षक लागतो, इथे एक बटण पुरतं.

रंगाच्या स्लायडरची आणखी एक चकवणारी गोष्ट. बहुतेक ॲपमध्ये रंग, तीव्रता आणि ब्राइटनेस असे तीन स्लायडर असतात. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा निवडला तर दोघांचाही ब्राइटनेस शंभर दाखवतो. पण चित्र कृष्णधवल केलं तर पिवळा जवळजवळ पांढरा होतो आणि निळा जवळजवळ काळा. म्हणजे स्लायडरवरचा आकडा आणि डोळ्याला दिसणारा उजळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र सपाट का दिसतंय हे कळत नसेल तर सगळ्यात वर काळ्या रंगाने भरलेली एक लेयर टाकून तिचा ब्लेंड मोड 'कलर' करा. खालचं चित्र कृष्णधवल दिसेल. चेहरा, जिरेटोप आणि मागचं आकाश तिन्ही एकाच राखाडीत गेले असतील तर दोष ब्रशचा नव्हता, हे लक्षात येईल.

म्हणूनच अनुभवी लोक आधी तीन छटांचा सराव सांगतात. एक अंडं घ्यायचं, शाकाहारी घरात पांढरा कांदा चालेल. खोलीतले बाकीचे दिवे बंद, एका बाजूने टेबल लॅम्प. कॅनव्हास छोटा, ब्रश कडक कडांचा आणि रंग तीनच: पांढराकडे झुकणारा, मधला आणि गडद. मऊ एअरब्रशला बंदी, कारण तो सगळं धूसर करून निर्णय टाळायला मदत करतो. वीस मिनिटांत उजेडाचा भाग, सावलीचा भाग आणि टेबलावरची पडछाया एवढंच मांडायचं. थोडा वेळ पाहिलं की अंड्याच्या सावलीतही एक हलका उजेड दिसतो. तो टेबलावरून परत आलेला असतो. नवखा माणूस तो इतका उजळ रंगवतो की अंड्याला दोन दिवे लावल्यासारखे वाटतात. नियम सोपा आहे: सावलीतला सगळ्यात उजळ भागही उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच असतो. हा एक नियम पाळला तरी चित्राला गोलाई येते.

स्टीलचा तांब्या मात्र पहिल्या महिन्यात घेऊ नये. त्यात आख्खी खोली वाकडीतिकडी दिसते आणि माणूस वैतागतो.

इंटरमिजिएटला बसलेल्यांना हे ऐकताना स्थिरचित्राचा पेपर आठवेल. तिथे जे शिकवलं जायचं तेच इथे लागतं. आयपॅडने ते वगळायची सोय केलेली नाही. उलट उदाहरण डेव्हिड हॉकनी यांचं. या ब्रिटिश चित्रकाराने २००९ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर आयफोनवर अंगठ्याने फुलं काढून मित्रांना पाठवायला सुरुवात केली. पुढे आयपॅड घेतला आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीत वसंत ऋतूची चित्रं आयपॅडवर काढली. त्यातल्या ११६ चित्रांचं प्रदर्शन २०२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं. साधन नवं होतं, पण त्यामागे आयुष्यभर पाहून काढण्याची सवय होती.

दहा हजार तासांचं काय?

सरावाचा विषय निघाला की कोणीतरी हा आकडा फेकतंच. तो लोकप्रिय झाला माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ मधल्या 'आउटलायर्स' या पुस्तकामुळे. मुळात तो आला १९९३ मधल्या एका अभ्यासातून. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वादकांचा अभ्यास केला होता. सर्वोत्तम गटातल्या विद्यार्थ्यांचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास भरला. सरासरी, म्हणजे काहींचा बराच कमी. 'दहा हजार तास भरा आणि मास्टर व्हा' असं त्यात कुठेही नव्हतं आणि एरिक्सन यांनी नंतर तसं जाहीरपणे सांगितलंही.

त्यांचा मुद्दा तासांपेक्षा सरावाच्या जातीचा होता. आपल्या कुवतीच्या थोडं पलीकडचं एक ठरावीक काम घ्यायचं, लक्ष देऊन करायचं, चूक लगेच पाहायची आणि दुरुस्त करायची. वर सांगितलेला ड्रॉपरचा सराव याच जातीचा. पॉडकास्ट लावून चौथ्यांदा तोच ॲनिमेचा चेहरा काढणं या जातीत बसत नाही. त्यात मजा आहे, ती जरूर करावी, फक्त त्याला सराव म्हणून मोजू नये. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट कोणी शेअर करत नाही. सर्वोत्तम वादक सलग तासन्‌तास वाजवत बसत नव्हते, मध्ये विश्रांती घेत होते आणि दुपारी झोपतही होते. पुणेकरांच्या वामकुक्षीला याहून चांगला पुरावा सापडणं अवघड.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अशा ८८ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. संगीतात माणसामाणसांतल्या फरकापैकी साधारण २१ टक्के फरकाचा संबंध अशा सरावाशी जोडता आला, खेळांमध्ये १८ टक्के. उरलेल्यामागे बाकीची कारणं. त्यामुळे 'फक्त मेहनत करा, कोणीही काहीही होऊ शकतं' हेही पूर्ण खरं नाही. मात्र हे आकडे दोन माणसांमधल्या फरकाचे आहेत. आजचा तुमचा हात आणि सहा महिन्यांनंतरचा तुमचाच हात यांच्यातल्या फरकाबद्दल ते काहीच सांगत नाहीत. शिकणाऱ्याला प्रत्यक्षात दुसराच फरक हवा असतो.

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून हे बसवायचं तर रोजची तीस-चाळीस मिनिटं पुरतात. दोन-तीन आठवडे एकच विषय धरावा. आधी छटा, मग डोक्याची रचना, मग हात, मग रंग. पाच दिवस सराव आणि शनिवार-रविवार मनाला येईल ते चित्र. हा मनाचा भाग काढून टाकला तर गाडी लवकर थांबते, कारण अंडी काढायला कोणी चित्रकार होत नाही. महाराजांचं, आजीचं किंवा आपल्या गल्लीचं चित्र काढायचं असतं म्हणून माणूस अंडी सहन करतो.

रोज म्हणजे रोजच?

रोज एक चित्र या कल्पनेचा सगळ्यात मोठा पोस्टरबॉय म्हणजे बीपल, अर्थात अमेरिकेचे माइक विंकलमन. १ मे २००७ ला त्यांनी रोज एक चित्र पूर्ण करून इंटरनेटवर टाकायचं ठरवलं. ही कल्पना त्यांना टॉम जड या ब्रिटिश चित्रकाराच्या रोजच्या स्केचवरून सुचली होती. पहिल्या वर्षाची चित्रं कागदावरची आणि अगदी कच्ची होती. पुढे ते थ्रीडीकडे वळले. पहिल्या पाच हजार दिवसांच्या चित्रांचा एकत्र कोलाज मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने पाचशे कोटी रुपयांच्या आसपास विकला गेला. विकत घेणारे विग्नेश सुंदरेसन हे मूळचे तमिळनाडूचे.

ही गोष्ट प्रेरणादायी म्हणून फिरते, पण त्यातून नेमकं काय घ्यायचं हे पाहायला हवं. किंमत ही एनएफटीच्या त्या लाटेची होती आणि ती लाट नंतर ओसरली. रोज चित्र काढलं की पाचशे कोटी, असा हिशेब नाही. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की साडेतेरा वर्षं त्यांनी चित्र चांगलं झालंय का याची वाट पाहिली नाही. दिवस संपला, चित्र टाकलं, पुढे गेले.

पण हीच सवय काहींना मारक ठरते. साठ दिवस सलग चित्र टाकलं, एकसष्टाव्या दिवशी ताप आला, साखळी तुटली आणि मग महिनाभर टॅबलेटला हात नाही. कारण आता पुन्हा 'दिवस पहिला' लिहायची लाज वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला होता. खाणं, पाणी पिणं, व्यायाम अशा साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांवर गेला. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते हे जे फॉरवर्ड फिरतं, ते सोडून द्यावं. त्याहून कामाचा निष्कर्ष असा होता की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. ॲपवरची साखळी तुटते, हाताने शिकलेलं तिथेच राहतं.

आणि कधीकधी थांबणं गरजेचंच असतं. मनगट दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील तर 'थोडं सहन करू' हा सल्ला चुकीचा आहे. लांब रेघा मनगटाऐवजी कोपर आणि खांद्यातून माराव्यात, पेन घट्ट आवळू नये, दर अर्ध्या तासाने उठावं. दुखणं टिकलं तर डॉक्टरांकडे जावं. पलंगावर पालथं पडून तीन तास चित्र काढणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

लाइक मोजणारा मेंदू

शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास बहुतेक वेळा चित्राचा होत नाही, चित्र पोस्ट केल्यानंतरच्या दोन तासांचा होतो. दहा तास काम केलं आणि सतरा लाइक आले, त्यातले सहा नातेवाइकांचे. त्याच वेळी कोणा सोळा वर्षांच्या मुलाच्या स्केचला चाळीस हजार.

आपण स्वतःला इतरांशी तोलून पाहतो हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. एक फरक मात्र पडलाय. तेव्हा तुलना वर्गातल्या किंवा गल्लीतल्या चार जणांशी व्हायची. आता ती जगातल्या निवडक चित्रांशी होते, तीही त्यांच्या सर्वोत्तम कामाशी. समोरच्याने फेकून दिलेली शंभर चित्रं फीडमध्ये येत नाहीत. शिवाय रीलचं चालणं गाणं, वेळ, सण आणि अल्गोरिदम यांवरही अवलंबून असतं. सावली बरोबर आली का, हे लाइक सांगू शकत नाही.

इन्स्टाग्रामने २०२१ पासून लाइकचे आकडे लपवायची सोय दिली आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करायला अर्धं मिनिट लागतं. सरावाची चित्रं टाकायचीच नाहीत, असाही पर्याय आहे. दोन-तीन काढणाऱ्या मित्रांचा छोटा ग्रुप असेल तर तिथे टाकावीत आणि 'कसं वाटलं?' याऐवजी 'डाव्या हाताचं काय चुकलंय?' असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला 'भारी' एवढंच उत्तर येतं, दुसऱ्याला कामाचं येतं.

मध्येच एक विचित्र टप्पा येतो आणि बरेच जण नेमके तिथेच सोडतात. पाहण्याची समज हाताच्या आधी वाढते. तीन महिन्यांपूर्वी छान वाटलेलं चित्र आज भयंकर दिसतं आणि आजचंही पटत नाही. वाटतं आपण मागे चाललोय. प्रत्यक्षात चुका आधीही होत्या, आता त्या दिसायला लागल्यात. हे तपासायचं असेल तर जुन्या फाइल डिलीट करू नका. सहा महिन्यांपूर्वीचं एखादं चित्र, तोच विषय, तीच पोझ घेऊन पुन्हा काढा आणि शेजारी ठेवा. फरक दिसला तर तो खरा. नाही दिसला तर सराव बदलायची वेळ आली आहे, हेही कळेल.

आणि एआय?

मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवरून निघालेल्या जिब्ली चित्रांनी भारतातले फीड भरून गेले. लग्नाचे फोटो, राजकारणी, वडापावच्या गाड्या, सगळं जिब्ली. वर्षभर हात बसवणाऱ्याला त्या आठवड्यात 'आपण कशासाठी घासतोय?' हा प्रश्न पडला असेल तर तो रास्त होता. त्याआधी कोरियाचे किम जंग गी यांच्या बाबतीतही वाद झाला होता. समोर काहीही न ठेवता, नुसत्या आठवणीतून भिंतभर चित्र काढणारा हा माणूस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेला आणि काही दिवसांतच त्यांच्या शैलीची नक्कल करणारं एआय मॉडेल कोणीतरी इंटरनेटवर टाकलं. त्यावर चित्रकारांमध्ये मोठा संताप उसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रोक्रिएट कंपनीने आपल्या ॲपमध्ये जनरेटिव्ह एआय आणणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा याच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कामाच्या बाजारावर याचा परिणाम होतोय. स्वस्तातलं पोस्टर, यूट्यूबचं थंबनेल अशी नव्या मुलांना मिळणारी छोटी कामं आता बरेच जण एआयवरच उरकतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. फक्त पोटापाण्यासाठी शिकणाऱ्याने हा धोका धरूनच हिशेब करावा आणि चित्रासोबत स्टोरीबोर्ड, ॲनिमेशन, पुस्तकांची चित्रं असं आणखी काहीतरी हाताशी ठेवावं. आवडीसाठी शिकणाऱ्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. गाणी मोबाइलवर वाजायला लागून कितीतरी वर्षं झाली, तरी पेटीचे क्लास बंद पडलेले नाहीत.

सुरुवात करायला आयपॅड लागतोच असं नाही. कॉम्प्युटर असेल तर क्रिता पूर्ण मोफत आहे. फोनवर आयबिस पेंटची मोफत आवृत्ती चालते, जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात. स्टायलस नसेल तर बोट आहेच, हॉकनींचाही आधी अंगठाच होता. आज रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावरचा एक पांढरा कांदा उचलायचा, ट्यूबलाइट बंद करायची, शेजारी दिवा लावायचा आणि वीस मिनिटांचा गजर. तीन छटा, एक लेयर, अनडू नाही. फाइलला तारीख टाकून सेव्ह करायची. कांदा सकाळी पोह्यांत गेला तरी चालेल, उद्यासाठी दुसरा असतो.